चाळीसचं भिंग

“मग हा कॅन्सर नाही, तर दुसरं आहे तरी काय, बाई?”

वरद हुपरीकरनं काचेची पट्टी टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घातली. उत्तर त्यानं घरूनच आणलं होतं. प्रश्न नुसता रीतीपुरता होता.

मुजावरबाईंनी स्लाइड उचलली, पण मायक्रोस्कोपखाली सरकवली नाही. त्या खिडकीशी गेल्या आणि ती उजेडासमोर धरून उभ्या राहिल्या.

बाईंची ही जुनीच सवय. आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं. त्यांचे विद्यार्थी मागे हसायचे, म्हणायचे, बाईंनी स्लाइड उन्हात वाळत घातली.

काचेवर तिळाएवढा जांभळट गुलाबी ठिपका होता. एका बाईच्या गर्भाशयाच्या मुखावरच्या लोंबत्या गाठीचा, पॉलिपचा, तुकडा काढला होता, त्याचा हा रंगवलेला पातळ काप. त्या ठिपक्यावर तिचं पुढचं सगळं ठरायचं होतं.

“कशाला आलास?” बाईंनी विचारलं.

“सहीला.”

“दाखवायला नाही?”

“दाखवायलाही.”

“आधी काय?”

वरदनं सहीचा कागद पुढे सरकवला.

हमीदा मुजावर. मिरजेत डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी पेशी ओळखायला शिकावं ते त्यांच्याकडे. निवृत्त झाल्या, सतारमेकर गल्लीत माडीवरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, तरी लोक स्लाइडी घेऊन जिना चढायचे थांबले नाहीत. समोरच्या गच्चीवर सतारीचे भोपळे वाळत पडलेले असत आणि इकडे बाई कुणाच्या तरी गाठीचा निवाडा करत असत.

वरद त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. सुवर्णपदक मिळालं तेव्हापासून तो विचारत नसे, सांगत असे. हुशारीचा हा एक तोटा आहे. ढ माणूस निदान घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दोनदा बघतो.

तो काम करत होता त्या रुग्णालयाचा एक नियम होता. ज्या निदानावरून बाईचं गर्भाशय काढायचं, त्यावर दुसऱ्या जाणकाराची सही हवी. तिथला दुसरा जाणकार भाच्याच्या लग्नाला गेला होता. म्हणून वरद इथे.

“उद्या सकाळी ऑपरेशन आहे,” तो म्हणाला. “पिशवी काढणार.”

“कुणाची?”

“पेशंटची.”

 बाई खिडकीपासून परत आल्या, खुर्चीत बसल्या.

“काय बघितलंस ते सांग.”

हे वरदला आवडायचं. त्यानं घसा साफ केला.

“गर्भाशयमुखावर पॉलिप होता, तो काढलाय. आतल्या ग्रंथींची केंद्रकं मोठी आहेत, काळी आहेत, पोकळीत डोकावतायत. दुसरं काही असेल म्हणून सगळं तपासलं. नाबोथियन गाठी नाहीत. टनेल क्लस्टर नाही. मायक्रोग्लँड्युलर हायपरप्लाझिया नाही. ट्यूबल मेटाप्लाझियाही नाही.”

ही सगळी निरुपद्रवी दुखणी. त्या जागी चिकट पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांची तोंडं बुजतात, त्या फुगतात, वेड्यावाकड्या वाढतात, आणि नवख्याला त्यात कॅन्सर दिसतो. वरद नवखा नव्हता. त्यानं शाळेतल्या हजेरीसारखं एकेक नाव घेतलं आणि गैरहजर लावलं.

“सगळी नावं आली,” बाई म्हणाल्या. “तिचं राहिलं.”

वरदला आधी कळलंच नाही. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि शोधलं.

“महादेवी. महादेवी बिराजदार. जतकडची आहे.”

“हं... सुरुवात कुठून केलीस?”

“चाळीसवरून.”

“का?”

“कॅन्सर चाळीसवर दिसतो, बाई.”

मायक्रोस्कोपच्या फिरत्या चकतीला लहानमोठी भिंगं असतात. चारचं, दहाचं, चाळीसचं. चाळीसमधून एकेक पेशी अंगावर येते. बाईंनी हात पुढे केला, चाळीसचं भिंग सावकाश फिरवून काढलं, रुमालात गुंडाळलं, आणि तो रुमाल पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचला.

“आता बघ.”

“बाई, हे काय? याच्याशिवाय दिसणार काय?”

“कुणाच्या घरी गेलास की थेट स्वयंपाकघरात शिरतोस का रे?”

वरद चिडला. पण चिडला तरी शिष्यच. त्यानं स्लाइड लावली, चारचं भिंग खाली आणलं आणि डोळे टेकवले.

“काय दिसतं?”

“काळ्या ग्रंथी.”

“गर्दी करून आहेत?”

“हो...”

“नीट बघ.”

तो बघत राहिला.

“गर्दी नाही. सुट्या आहेत. पॉलिपमध्ये असतात तशाच ओळीनं आहेत.”

“एकमेकींच्या अंगावर चढल्यात? खोल घुसल्यात?”

“नाही... पण केंद्रकं...”

“केंद्रकं माझ्या कमरेला आहेत. ग्रंथींच्या भोवती काय आहे?”

“भोवती काही नाही.”

“‘काही नाही’ कसं दिसतं, ते सांग.”

वरदनं डोळे वर केले. बाई चेष्टा करत नव्हत्या. तो पुन्हा वाकला. आता त्याचा आवाज जरा हळू झाला.

“पेशी आहेत. ग्रंथींच्या मधली जागा भरलीय. मोठ्या आहेत... फिकट गुलाबी. फुगलेल्या. एकीला एक लागून. भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या.”

“कुठे?”

“सगळीकडे.”

“याला काही नाही म्हणतात का हल्ली?”

वरदनं ऐकलं नाही. त्याचा हात फोकसच्या चाकावर थांबला होता. हे चित्र त्याच्या ओळखीचं होतं, पुस्तकातलं, परीक्षेतलं, पाठ केलेलं. फक्त ते इथे असायचं कारण नव्हतं.

“हे डेसिड्युआसारखं दिसतंय,” तो म्हणाला. “गरोदरपणात पेशी अशा फुगतात. ग्रंथीही बिथरतात कधी कधी, त्या कॅन्सरसारख्या...”

तो थांबला. मग त्यानं मान हलवली.

“पण तो प्रश्नच येत नाही.”

“का येत नाही?”

“वय एक्केचाळीस. लग्न होऊन वीस वर्षं उलटलीत. सगळे उपाय करून झालेत. बाई, तिला मूल होत नाही.”

 खालच्या दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होतं.

“हे कुठल्या भिंगातून दिसलं?” बाईंनी विचारलं.

वरदचे कान लाल झाले. हुशार माणसाला राग आला की तो नियमांचा आधार घेतो. वरदनंही घेतला.

“ऑपरेशनच्या आधी सगळ्यांची तपासणी होते, बाई. गरोदरपणाचीसुद्धा. असं काही असतं तर वॉर्डातच कळलं असतं.”

“हिची झाली?”

“झालीच असणार.”

“विचार.”

त्यानं वॉर्डात फोन लावला. सिस्टर बोर्जेस होत्या. अनुभवी बाई, मनानं लोण्यासारखी. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

“नाही केली डॉक्टर. खरं सांगू का? आल्या दिवशी मी बाटली हातात दिली तर तिचा चेहरा असा झाला... वीस वर्षं जो तो तेच विचारत आलाय तिला. पिशवी काढायला आलेल्या बाईला मी पुन्हा कशाला तेच विचारू? जखमेवर मीठ कशाला चोळायचं? बाटली परत घेतली. रक्त जातंयच ना, म्हटलं.”

“आणि सोनोग्राफी?”

“गावाकडची होती, जुनी. तीच धरली.”

वरदनं फोन ठेवला.

म्हणजे दयेपोटी कुणी विचारलंच नव्हतं. यात वाईट वागलेलं माणूस सापडेल म्हणून शोधायला जाल तर सापडणार नाही. सगळी भली माणसं. भल्या माणसांच्या हातून झालेली चूक लवकर दिसत नाही, हाच तर घोर आहे.

“सिस्टरना सांगतो, आत्ता तपासणी करून घ्या,” वरद म्हणाला आणि पुन्हा फोन उचलला.

बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“तू जा.”

“मी? आम्ही वॉर्डात जात नाही, बाई. चेहरा बघितला की डोळा फिरतो, स्लाइड खोटी बोलायला लागते, असं तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं.”

“मग?”

“आज फिरू दे.”

वॉर्डात दिवे नुकतेच लागले होते. वरदनं पांढरा कोट घातला होता, पण तिथल्या खाटांमधून कसं चालायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन जणींनी त्याला औषधवाला समजून हाक मारली.

महादेवी खिडकीकडच्या खाटेवर होती. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. नवऱ्याचा टॉवेल मांडीवर घेऊन घडी घालत होती. नवरा मल्लाप्पा स्टुलावर बसून मोसंबं सोलत होता. रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नव्हतं, म्हणून आत्ताच खाऊन घे असं त्याचं चाललं होतं.

“मी डॉक्टर हुपरीकर. तुमचा तुकडा तपासायला आला होता ना, तो मी बघितला.”

“बसा की वो,” मल्लाप्पा उठून उभा राहिला.

वरद बसला नाही.

“तुमची पाळी... शेवटची कधी आली होती?”

“रगत जातंयच की सायेब, थोडं थोडं. त्येच्यापायी तर आलोय.”

“त्याआधी? नेहमीसारखी कधी?”

तिनं आठवून पाहिलं. “दिवाळीच्या फुडं आलतं. मग ऱ्हायलं. मग ह्ये असं सुरू झालं. वय झालं, जातंय आता, म्हनलं.”

वरदच्या तोंडाला कोरड पडली. परीक्षेत कधी पडली नव्हती.

“तुम्हाला... दिवस गेले असतील असं कधी वाटलं का?”

मल्लाप्पाच्या हातातली साल तशीच लोंबत राहिली.

महादेवीनं टॉवेल खाली ठेवला. वरदकडे बघितलं. ओरडली नाही, आणि तेच त्याला जड गेलं.

“सायेब, मी तुमचं काय वाकडं केलंय?”

“नाही, तसं नाही...”

“चेष्टा करायला आलाय व्हय? पिशवी काढायच्या आदल्या सांजंला?”

“चेष्टा नाही.”

“मग ऐका. आमच्याकडं ओटी भरत्यात. बायकांची रांग असती. मी आले की ताटवाली मला सोडून फुडच्या बाईकडं वळायची. मुकाट्यानं. एक अक्षर न बोलता. बारशाला बोलवायचं तर जेवायच्या येळंला बोलवायचं, नाव ठेवून झाल्यावर. ह्ये माणूस,” तिनं नवऱ्याकडे हात केला, “कधी बोललं न्हाई मला. दुसरी कर म्हनून आईनं धोशा लावला तर आईशी बोलनं टाकलं ह्येनं. मला त्येचं जास्त लागायचं.”

ती थांबली. श्वास घेतला.

“परवा डाक्टरीनबाई म्हनल्या, पिशवी काढाय लागतीया, वाईट हाय त्यात. तुम्हाला खोटं वाटंल, मला बरं वाटलं. जाऊ दे म्हनलं एकदाची. हाय तवर मन थांबत न्हाई. दर म्हैन्याला वाट बघतंय. त्या राती मी सपान न बघता झोपले. आनि आज तुम्ही ह्ये इचारताय...”

वरदला तिथून पळून जावंसं वाटलं. भिंगाखालच्या पेशींनी त्याला आजवर कधी प्रश्न विचारला नव्हता.

“मी चुकलो असेन,” तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं याआधी कधी म्हटलं होतं, ते त्याला आठवेना.

“कदाचित आधी चुकलो असेन, कदाचित आत्ता चुकत असेन. पण एकदा तपासू द्या. उद्याच्या आधी.”

“आनि नसलं तर?”

“तर मला हवं ते बोला. मी ऐकून घेईन.”

तिनं टॉवेल पुन्हा उचलला. मल्लाप्पानंच हळू म्हटलं, “जा गं. इतकं केलं. ह्ये एक.”

सिस्टर बोर्जेसनी बाटली पुढे केली. या वेळी परत घेतली नाही.

लहानशा पांढऱ्या पट्टीवर एक रेघ उमटली. ती तर उमटतेच. सगळे तिच्या शेजारच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. वरदनं आयुष्यात एवढं कोरं काही इतक्या लक्ष देऊन बघितलं नव्हतं.

मग तिथे गुलाबी झाक आली. मग रेघ.

सिस्टर मटकन खाली बसल्या. “जीझस,” एवढंच म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत महादेवी छताकडे बघत पडली होती. तिचा विश्वास बसला नव्हता. तिनं बसू दिला नव्हता. तपासणाऱ्या डॉक्टरनी पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुरात काळा खळगा होता, खळग्यात शेंगदाण्याएवढं काहीतरी, आणि त्या शेंगदाण्यात एक ठिपका लुकलुकत होता.

“त्ये काय हालतंय?” महादेवीनं विचारलं.

“काळीज,” वरद म्हणाला.

“माझं?”

“नाही,” वरद म्हणाला.

ती बघत राहिली... मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, ते दाराबाहेरच्या मल्लाप्पालाही कळलं नाही. तो मोसंबं हातात घेऊन तसाच आत घुसला. त्याला कुणी अडवलं नाही. मला विचाराल तर त्या रुग्णालयात त्या दिवशी मोडलेला तो सगळ्यांत चांगला नियम.

“परत दावा,” महादेवी म्हणत होती. “एकदा परत दावा की.”

वरद जिना चढला तो धापा टाकत.

“कॅन्सर नाही, बाई! ती गरोदर आहे! ठोका दिसला! मी ऑपरेशनवाल्या मॅडमना सांगितलं, उद्याचं रद्द झालं. निरुपद्रवी आहे हे. नुसता गरोदरपणातला बदल. मी आत्ता लिहून टाकतो...”

“कुणी सांगितलं?”

“म्हणजे?”

“निरुपद्रवी आहे, हे कुणी सांगितलं?”

“बाई, ती गरोदर आहे!”

“गरोदर बाईला कॅन्सर होत नाही?”

वरद खुर्चीत बसला. दमलेला माणूस बसतो तसा.

“होतो,” तो म्हणाला.

दुपारी तो एका बाजूला पळत होता, आता दुसऱ्या. पळणं तेच. गुरूचं काम बहुतेक वेळा एवढंच असतं, शिष्याला दोन्हीकडच्या दारांतून बाहेर पडू न देणं.

बाईंनी पदराची गाठ सोडली. रुमाल उलगडला. चाळीसचं भिंग त्याच्या तळहातावर ठेवलं.

“आता शीर स्वयंपाकघरात.”

तो पाऊण तास बघत होता. मध्ये बाईंनी चहा केला, त्याच्यापुढे ठेवला, तो निवला, बाईंनी परत नेला. खालचं दुकान बंद झालं.

“तीच आहेत,” शेवटी वरद म्हणाला. “केंद्रकं तीच. काळी. मोठी. आधी होती तशीच.”

“मग?”

“पण आता भीती वाटत नाही.”

“ते तुझं झालं. त्यांचं सांग.”

त्यानं पुन्हा डोळे टेकवले.

“काळेपणा पुसट आहे, टीपकागदावर शाई पसरावी तसा. दुभंगून दोन होणारी पेशी एकही नाही. कॅन्सर असता तर सापडली असती, मी पूर्ण काप फिरून आलो. एखादी ग्रंथी बिथरलीय, शेजारची शहाणी आहे. कुठेही घुसखोरी नाही. आणि भोवती सगळा साबुदाणा. आरियास-स्टेला म्हणतात हा बदल. मला नाव पाठ होतं, बाई.”

“मग काय लिहिशील?”

वरद विचार करत राहिला. पहिल्या वेळी त्याला यासाठी एक ओळ पुरली होती.

“लिहीन की गरोदरपणामुळे झालेला निरुपद्रवी बदल आहे. कॅन्सरची खूण दिसत नाही. शंका राहू नये म्हणून उरलेल्या तुकड्याचे आणखी काप आणि खास रंग करतो, आणि बाळंतपणानंतर पुन्हा एकदा तपासावं.”

“आणि पोर टिकेल का?”

“वय आहे. रक्तही गेलंय. मॅडम म्हणाल्या, धास्ती आहे, पण सांभाळू.” तो खुर्चीत मागे टेकला. “उद्या सकाळी तिच्या पोटावर सुरी नाही, एवढं नक्की.”

तेव्हा कुठे बाई मायक्रोस्कोपपाशी आल्या. चष्मा काढला. चारचं भिंग, मग दहाचं, मग चाळीसचं. बघायला लागल्या की बाईंचा चेहरा नमाजाला बसलेल्या माणसासारखा निवांत व्हायचा. त्यांनी काहीच घाई केली नाही. वरदनं तेवढ्यात मघाचं सगळं कागदावर लिहून काढलं.

मग त्यांनी पेन उचललं आणि सही केली.

वरदनं कागद घेतला. निघाला नाही.

“बाई.”

“हं?”

“तुम्ही आत्ता पहिल्यांदा भिंगातून बघितलंत.”

“हो.”

“म्हणजे दुपारी तुम्हीही काही ओळखलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मला वय माहीत होतं. लग्न कधी झालं ते माहीत होतं. सगळे उपाय माहीत होते. त्या बदलाचं नावसुद्धा माहीत होतं. तरी विचारायचं मला सुचलं नाही...” त्यानं वर पाहिलं. “तुम्हाला कसं सुचलं?”

बाई चष्म्याची काच पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिष्याकडे नीट बघितलं.

“मला माहीत नव्हतं.”